नव्या नारळबागेत तुळशीची फुलपट्टी : ओरत्तनाडु परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे ‘गज’ चक्रीवादळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नागपट्टिणम व वेदारण्यम यांच्या दरम्यान धडकले. तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै आणि पेरावुरणी हे नारळाचे तालुके या वादळाच्या तडाख्यात सापडले आणि या पट्ट्यातील लाखो माड उन्मळून पडले. पुनर्लागवड झाली, परंतु नवा माड फळावर येण्यास काळ लागतो. ठेंगू जातीस साधारणतः ३ ते ४ वर्षे, संकरित जातीस ४ ते ५ वर्षे आणि उंच जातीस ६ ते ७ वर्षे किंवा त्याहूनही अधिक. मधल्या काळात बागेची जमीन उघडी व उन्हाने तापलेली राहते. शेतकरी तेथे तीळ, उडीद, भोपळा, काकडी, वांगी अशी आंतरपिके घेतो. यांतील काही पिकांना फळधारणेसाठी मधमाश्या व अन्य कीटक आवश्यक असतात. परंतु त्या कीटकांना वर्षभर पोसणारा माडांचा फुलोरा त्या बागेत उरलेला नसतो.

ही स्थिती महाराष्ट्रालाही परकी नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीतील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ने कोकणच्या बागायतदारांना पुन्हा फटका दिला. म्हणून ओरत्तनाडु परिसराच्या संदर्भात उघड्या, उन्हाळी बागेत परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी तुळशीची बहुवर्षायू फुलपट्टी कशी उभारावी व सांभाळावी, याचा विचार या लेखात केला आहे. तुळस लावणे सोपे आहे. ती सतत फुलावर ठेवणे हे खरे कौशल्य आहे, आणि पट्टीचे यश त्यावरच अवलंबून आहे.

ओरत्तनाडु : जमीन, पाणी व ऋतुमान

ओरत्तनाडु हे गाव तंजावरच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर आहे. मराठी वाचकाला त्याची ओळख ‘मुक्तांबाळपुरम’ या नावाने पटावी. तंजावरचे भोसले राजे सरफोजी (दुसरे) (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ येथे उभारलेले छत्र रामेश्वराच्या यात्रामार्गावरील वाटसरूंना अन्न व आसरा देण्यासाठी होते.

शेतीच्या दृष्टीने हा भाग कावेरीच्या जुन्या त्रिभुज प्रदेशाहून वेगळा आहे. जुन्या प्रदेशातील भारी, चिकण भातजमिनींच्या तुलनेत येथे तांबड्या, वालुकामिश्रित पोयट्याच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर आढळतात. मेट्टूर धरणानंतर विकसित झालेल्या कल्लणै कालव्याच्या (ग्रँड अनिकट कालवा) लाभक्षेत्रात हा ‘नवा त्रिभुज’ भाग येतो. परंपरेने मेट्टूरचे पाणी १२ जूनला सोडले जाते व जानेवारीअखेर बंद होते. पावसाचा सर्वांत मोठा हिस्सा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील असतो. फेब्रुवारी ते जून हा काळ कोरडा व प्रखर उन्हाचा. या काळात शेतकऱ्याची भिस्त मुख्यतः कूपनलिकेवर असते.

या दोन गोष्टी फुलपट्टीच्या नियोजनात निर्णायक ठरतात. निचऱ्याची तांबडी जमीन व भरपूर ऊन तुळशीला मानवते. याउलट नोव्हेंबरमधील सलग पावसात साचणारे पाणी तिला मारक ठरते.

बागेत नेमके काय उणे पडते?

उंच जातीचा पूर्ण वाढलेला माड साधारणतः दरमहा एक, म्हणजे वर्षाकाठी १२ ते १४ फुलोरे देतो. प्रत्येक फुलोऱ्यात प्रथम नर फुले सुमारे तीन आठवडे उमलत राहतात. मादी फुले त्यानंतर ग्रहणक्षम होतात. अशा अनेक माडांची बाग म्हणजे बारमाही पराग व मकरंद यांचे कोठारच होय. सातेरी, फुलोरी व आग्या या तिन्ही मधमाश्या आणि डंखहीन ट्रायगोना माशी या फुलोऱ्यांवर नित्य येतात. बाग आडवी झाली की उत्पन्नाबरोबर हे कोठारही नष्ट होते, आणि माशा दाट बागांकडे, गावातील कडुनिंब-करंजाकडे किंवा अन्यत्र वळतात.

आंतरपिकांनुसार उणीव वेगवेगळी असते:

१. काकडी, लाल भोपळा, कारले : नर व मादी फुले स्वतंत्र असल्याने कीटकाविना फळधारणा होत नाही. फुले सकाळी उमलतात व भोपळ्याची फुले तर उन्हे वर येताच मिटू लागतात. पहाटेपासून माश्या परिसरात असणे आवश्यक.

२. वांगी : फुलात मकरंद नसतो, केवळ पराग असतो, आणि तोही परागकोशाच्या टोकावरील बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. फूल पकडून शरीराचे कंपन करणाऱ्या निळ्या पट्ट्यांच्या एकट्या माश्या (अमेगिला) व सुतार माश्या तो उत्तम रीतीने मोकळा करतात. सातेरी माशीला हे कंपनतंत्र अवगत नाही. मात्र या कंपन करणाऱ्या माश्यांना उडण्यासाठी लागणारा मकरंद वांग्याच्या शेतात मिळत नाही. तो जवळपास अन्यत्र मिळाला तरच त्या त्या परिसरात टिकतात.

३. तीळ : पीक मुख्यतः स्वपरागित, तरी फुलांना मधमाश्यांची भरपूर भेट असते. फुलोऱ्याचा काळ मात्र काही आठवड्यांचाच.

४. दुधी व दोडका : फुले सायंकाळी उमलतात व त्यांवर प्रामुख्याने पतंग व सांजवेळचे कीटक काम करतात. दिवसा फुलांवर येणाऱ्या माश्यांसाठी केलेल्या पट्टीचा या पिकांना मर्यादितच लाभ होईल.

या तपशिलावरून फुलपट्टीकडून काय अपेक्षावे हे स्पष्ट होते : एकदाच येऊन जाणारा मोठा बहर नको, तर बारमाही, थोडा थोडा पण अखंड मकरंद हवा.

तुळसच का?

उन्हाळी, कोरड्या बागेत फुलणाऱ्या वनस्पती अनेक आहेत. तुळशीची निवड पुढील गुणांमुळे करावीशी वाटते.

• मंजिरीवरील लहान फुले खालून वर क्रमाने उमलतात. एकाच मंजिरीवर दीर्घकाळ नवी फुले मिळत राहतात.
• फुले लहान व उथळ असल्याने आखूड जिभेच्या ट्रायगोना व फुलोरी माश्यांनाही मकरंद मिळतो. सातेरी व अमेगिलाही येतात. शिवाय सिर्फिड माश्या व परजीवी गांधीलमाश्या यांना तेथे अन्न मिळते.
• उष्ण प्रदेशात बुंधा काष्ठमय होतो व योग्य छाटणी केल्यास झाड दोन ते तीन वर्षे टिकते.
• उग्र गंधामुळे मोकाट गुरे व शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत.
• छाटलेला पाला विकता येतो. विष्णुमंदिरांतील तुळशीहारांमुळे या भागात मागणी आहे. कुंभकोणमजवळील ओप्पिलियप्पन मंदिराचे स्थलमाहात्म्यच तुळशीशी निगडित आहे. औषधी पाल्याचा व्यापारही आहे.
• शेतकऱ्याला ही वनस्पती ओळखून देण्याची गरज पडत नाही. वृंदावनातील तुळस शेताच्या बांधावर नेणे, एवढाच हा बदल.

जातीची निवड

तुळशीच्या नावांत मोठा गोंधळ आहे. रोपे घेताना केवळ लोकप्रचलित नावावर विसंबू नये.

पवित्र तुळस (ऑसिमम टेन्युइफ्लोरम) : हिरव्या पानांची व जांभळट पानांची असे तिचे दोन परिचित प्रकार आहेत. जांभळट प्रकारास मराठीत कृष्ण तुळस, तमिळमध्ये करुंतुळसी म्हणतात. पट्टीसाठी दोन्ही चालतात; पाल्याची विक्री करायची असल्यास स्थानिक बाजारातील पसंती पाहावी. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने (सिमॅप) विकसित केलेल्या ‘सिम-आयु’ व ‘सिम-अंगना’ या वाणांचा तेल-पाला उत्पादनासाठी विचार करता येईल.

ऑसिमम ग्रॅटिसिमम : उंच, झुडपासारखी व अधिक काटक बहुवर्षायू तुळस. हिला काही भागांत रामतुळस म्हणतात, तर अन्य भागांत तेच नाव हिरव्या पानांच्या पवित्र तुळशीला देतात. कुंपणालगत एकेरी ओळीसाठी उपयुक्त; रोपांत किमान १ मीटर अंतर ठेवावे.

सब्जा (ऑसिमम बॅसिलिकम) : मधमाश्यांना प्रिय, परंतु सामान्यतः एकाच हंगामात जीवनक्रम पूर्ण करणारी. बहुवर्षायू पट्टीचा आधार म्हणून नव्हे, तर रोपे मेलेल्या जागा तात्पुरत्या भरण्यासाठी वापरावी.

जागेची निवड व आखणी

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा घ्यावी. नारळबागेत ही अट वयानुसार बदलते. ७.६ × ७.६ मीटर अंतरावरील बागेत पहिली सात-आठ वर्षे आंतरजागेत पुरेसे ऊन असते. त्यानंतर साधारणतः पंचविसाव्या वर्षापर्यंत झावळ्यांची सावली दाट राहते. म्हणून मधल्या पट्ट्या बाग तरुण असेपर्यंतच घ्याव्यात व कायमस्वरूपी पट्टी सीमेवर, दक्षिण व पश्चिम बाजूस ठेवावी. ‘गज’नंतर लगेच लावलेल्या बागांत सावली दाटू लागली असल्यास मधली तुळस हळूहळू काढून सीमेवरील पट्टी वाढवणे उचित.

मधल्या पट्टीची आखणी अशी करावी : दोन्ही बाजूंच्या माडांची १.८ मीटर त्रिज्येची आळी सोडल्यावर ओळींच्या मध्ये ४ मीटर मोकळी जागा उरते. तिच्या मध्यभागी १ मीटर रुंद पट्टी घेतल्यास दोन्ही अंगांना दीड मीटर जागा आंतरपीक व वावरासाठी राहते.

सीमेवरील पट्टीचा हिशेब सोपा आहे. चौरस आकाराच्या एक एकर बागेची परिमिती सुमारे २५४ मीटर असते. चारही बाजूंना ५० सेंटिमीटर अंतराने दोन ओळी लावल्यास सुमारे १००० रोपे लागतात. दोनच बाजू घेतल्यास ५००. प्रारंभ दोन बाजूंनी करावा.

रोपवाटिका

तुळशीचे बी अत्यंत बारीक असते. सलग लागवडीसाठी हेक्टरी सुमारे ३०० ग्रॅम बी लागते. त्या प्रमाणात १००० रोपांना ५ ग्रॅम पुरते. बी चौपट बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर ओळीत पेरावे, वरून चाळलेल्या शेणखताचा अगदी पातळ थर द्यावा व झारीने हलके पाणी द्यावे. खोल पेरलेले बी उगवत नाही. उगवण साधारण ८ ते १२ दिवसांत होते. सहा आठवड्यांनी, १० ते १५ सेंटिमीटर उंचीची, चार-पाच पानांची रोपे लावणीस योग्य होतात.

लावणीची वेळ

ओरत्तनाडु परिसरात लावणीच्या दोन वेळा संभवतात.

पहिली, सप्टेंबरमध्ये : ऑगस्टच्या आरंभी बी टाकून सप्टेंबरच्या उत्तरार्धात रोपे लावावीत, म्हणजे जोराच्या पावसापूर्वी मुळे धरतात. ही वेळ उंच बांधावर व चांगल्या निचऱ्याच्या जमिनीतच स्वीकारावी.

दुसरी, जानेवारीत : डिसेंबरच्या आरंभी आडोशाखाली बी टाकून जानेवारीच्या उत्तरार्धात लावणी करावी. जमिनीत ओल असते, पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि मार्चअखेरीस, म्हणजे ऐन कोरड्या काळात पहिल्या मंजिऱ्या मिळतात. प्रथमच पट्टी करणाऱ्यांसाठी ही वेळ अधिक सुरक्षित.

दोन्ही वेळी २० ते ३० सेंटिमीटर उंचीचा वरंबा करून प्रति चौरस मीटर १ किलो कुजलेले शेणखत मिसळावे. लावणी सायंकाळी करावी व लगेच पाणी द्यावे. पालाउत्पादनाच्या सलग पिकास शिफारस होणाऱ्या रासायनिक खतमात्रा या पट्टीला आवश्यक नाहीत. नत्राचा अतिरेक झाल्यास पाला माजतो व मंजिऱ्या कमी येतात.

जगण्यापुरते पाणी आणि फुलण्यापुरते पाणी

तुळस काटक आहे याचा अर्थ तिला पाणी नको असा घेतला जातो व तेथेच अनेक पट्ट्या निरुपयोगी होतात. ताण पडलेले झाड पाने आकसून जगते, परंतु नवी फूट थांबते, मंजिऱ्या लवकर वाळतात व मकरंद घटतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने झाड हिरवे असते. माशीच्या दृष्टीने ते बंद दुकान असते.

लावणीनंतर पहिला महिना आठवड्यातून दोनदा, पुढे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा हलके पाणी द्यावे. माडाच्या ठिबक नळीवरूनच बारीक उपनळी घेतल्यास स्वतंत्र खर्च फारसा पडत नाही. वाळलेल्या झावळ्या व नारळाच्या सोडणांचे आच्छादन ओल टिकवते. मात्र आच्छादन बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे.

तीन भागांची फिरती छाटणी

पालाउत्पादनासाठी तुळस पूर्ण फुलावर आली की कापतात. पहिली कापणी लावणीनंतर सुमारे ९० दिवसांनी व पुढील कापण्या सुमारे ७५ दिवसांच्या अंतराने होतात. संपूर्ण पट्टी एकाच दिवशी कापल्यास पुढील दीड महिना माश्यांना तेथे काहीच मिळत नाही. उलट छाटणीच न केल्यास मंजिऱ्यांत बी भरते, नवे फूल थांबते, झाड काष्ठमय होऊन लवकर म्हातारे होते. घरच्या वृंदावनातील वाळलेल्या मंजिऱ्या खुडण्याची जुनी रीत याच कारणाने शास्त्रशुद्ध आहे.

यावर उपाय म्हणजे पट्टीचे सारख्या लांबीचे तीन भाग करून दर २५ दिवसांनी एकच भाग कापणे. उदाहरणार्थ :

• ९० वा दिवस : ‘अ’ भाग कापावा. ‘ब’ व ‘क’ फुलावर.
• ११५ वा दिवस : ‘ब’ भाग कापावा. ‘क’ फुलावर, त्यावरील वाळलेल्या मंजिऱ्या तेवढ्या खुडाव्यात. ‘अ’ फुटव्यावर.
• १४० वा दिवस : ‘क’ भाग कापावा. ‘अ’ पुन्हा फुलू लागलेला. ‘ब’ फुटव्यावर.
• १६५ वा दिवस : ‘अ’ची दुसरी कापणी. ‘ब’ फुलू लागलेला.

यानुसार प्रत्येक भागाची कापणी ७५ दिवसांनीच होते, म्हणजे पाल्याच्या उत्पादनाचे गणित बिघडत नाही. आणि कोणत्याही दिवशी एक भाग नुकता कापलेला, एक वाढीवर व एक फुलावर राहतो.

कापणी जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर, खालच्या हिरव्या फांद्या राखून, कोरड्या दिवशी करावी. केवळ काष्ठमय बुंधा ठेवून केलेली खोल छाटणी झाडाला सोसत नाही. कापणीनंतर पाणी व मूठभर गांडूळखत द्यावे. ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाळी काळात कापणी थांबवावी; ओल्या जखमांतून कूज शिरते. त्या काळात वाळलेल्या मंजिऱ्या खुडणे पुरेसे आहे. तिसऱ्या वर्षी दरवर्षी एक भाग याप्रमाणे नवी रोपे लावून पट्टीचे नूतनीकरण करावे.

माश्यांना घरही हवे

फुलांइतकीच निवाऱ्याची सोय महत्त्वाची आहे. अमेगिला माशी मातीत, बांधाच्या उघड्या पृष्ठभागात वा मातीच्या भिंतीत बिळे करते; म्हणून पट्टीजवळील बांधाचा दोन-तीन मीटर भाग न नांगरता, आच्छादनाविना ठेवावा. सुतार माशी कोरड्या लाकडात व बांबूत घर करते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : वादळात पडलेल्या माडांचे कुजणारे ओंडके ‘माश्यांसाठी’ म्हणून बागेत ठेवू नयेत. त्यांत गेंड्या भुंग्याची पैदास होते व तो नव्या माडांचा कोंब पोखरतो. ओंडके हटवावेत, सुतार माशीसाठी कोरड्या बांबूची मोळी छपराखाली टांगावी.

कीड-रोग व फवारणीची शिस्त

तुळशीवर जाळीदार पंखांचा ढेकूण (कॉक्लोचिला बुलिटा) पानांच्या मागील बाजूने रस शोषतो. पाने सुरकुततात व तपकिरी डाग दिसतात. आरंभीच बाधित शेंडे कापून नष्ट करावेत. आवश्यकता भासल्यास कापणीनंतर, फुले नसलेल्या भागावरच सायंकाळी निंबोळी अर्क फवारावा. पाणी साचल्यास मूळकूज होते. तीवर निचरा हाच उपाय.

अधिक गंभीर प्रश्न माडावरील फवारणीचा आहे. २०१६ पासून दक्षिण भारतात पसरलेल्या चक्राकार पांढऱ्या माशीच्या (रुगोज) प्रादुर्भावात घाईने रासायनिक कीटकनाशके फवारण्याचा मोह होतो. या किडीवर ‘एन्कार्सिया ग्वाडेलूपे’ ही परजीवी गांधीलमाशी प्रभावी नियंत्रण ठेवते. फवारणीने प्रथम तीच मरते. म्हणून पिवळे चिकट सापळे, पानांच्या मागील बाजूस जोराच्या पाण्याचा फवारा व गरजेनुसार कडुनिंब तेल या उपायांवर भर देण्याची शिफारस आहे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या पराग-मकरंदातही पोहोचतात. ज्या आंतरपिकावर अशी औषधे वापरली जातात, त्याच्या शेजारी माश्यांना बोलावणारी पट्टी लावणे म्हणजे त्यांना सापळ्यात बोलावणे होय. अशा शेतकऱ्याला प्रथम फवारणी बदलण्याचा व नंतर फुलपट्टीचा सल्ला द्यावा.

मर्यादा

पट्टीकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये. ५०० ते १००० तुळशींवर मधपेटीचे पोषण होणार नाही व केवळ या पट्टीच्या भरवशावर मधउत्पादन सुरू करू नये. तिचे काम स्थानिक माश्यांना बागेच्या परिसरात टिकवून धरण्याचे आहे. जुन्या त्रिभुज प्रदेशातील पाणथळ चिकण जमिनीत ही पट्टी उंच बांधाखेरीज घेऊ नये. एकाच वनस्पतीवर विसंबणेही योग्य नव्हे. सीमेवर दर काही मीटरवर करंज व कडुनिंब लावल्यास उन्हाळ्यातील बहराची भर पडते, मात्र त्यांची सावली पट्टीवर येणार नाही अशी दिशा निवडावी.

कोकणासाठी करावयाचे बदल

रायगड-रत्नागिरीतील बागायतदारांनी हेच तत्त्व वेगळ्या वेळापत्रकाने राबवावे. तेथे पावसाचा मुख्य काळ जून ते सप्टेंबर असून त्याचे प्रमाण ओरत्तनाडुच्या कितीतरी पट आहे. म्हणून रोपे ऑगस्टअखेर आडोशाखाली करून ऑक्टोबरच्या पूर्वार्धात लावावीत. डिसेंबरपासून मेपर्यंत फिरती छाटणी चालवावी व पावसाळ्यात थांबवावी. समुद्रालगतच्या वाळूत पाणी टिकत नाही. तेथे आच्छादन अनिवार्य समजावे.

भाट्ये (रत्नागिरी) येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने पुढे आणलेली ‘लाखी बाग’ ही दालचिनी, जायफळ, काळी मिरी अशा सावली मानवणाऱ्या मसालापिकांवर आधारित आहे. वादळानंतरच्या नव्या बागेत ती सावली तयार होईपर्यंत मिळणाऱ्या उन्हाचा उपयोग तुळशीसारख्या सूर्यप्रिय वनस्पतीने करावा व सावली दाटल्यावर जागा मसालापिकांना द्यावी, हा क्रम दोन्ही पद्धतींना पूरक ठरतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : आधी तपासणी, मग लागवड

परागीभवनाची उणीव आहे की नाही हे न तपासता पट्टीची शिफारस करू नये. त्यासाठी पुढील साधी कृती उपयोगी आहे.

१. लाल भोपळ्याच्या शेतात दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या ४० मादी कळ्यांना दोरा बांधून खूण करावी.
२. सकाळी त्यांपैकी २० फुलांवर नर फुलातील पराग हाताने लावावा. उरलेली २० फुले निसर्गावर सोडावीत.
३. सात दिवसांनी किती फळे धरली ते दोन्ही गटांत मोजावे.
४. हाताने परागित केलेल्या गटात फळधारणा स्पष्टपणे अधिक असेल, तर त्या शेतात माश्यांची उणीव आहे. दोन्ही गट सारखेच असतील, तर उत्पादनातील घटीचे कारण पाणी, पोषण किंवा कीड यांत शोधावे. फुलपट्टी त्यावरील उपाय नव्हे.

पट्टी फुलावर आल्यानंतर दर पंधरवड्यास, सकाळी ९ ते १० या वेळेत, पट्टीच्या १० मीटर लांबीत १० मिनिटे उभे राहून फुलांवर आलेल्या कीटकांची नोंद करावी. सातेरी, फुलोरी, आग्या, ट्रायगोना, अमेगिला, सुतार माशी, फुलपाखरे व इतर असे रकाने पुरेसे आहेत. त्याच दिवशी कोणता भाग कापलेला व कोणता फुलावर आहे, हेही लिहावे. पुढील वर्षी भोपळ्याची चाचणी त्याच शेतात पुन्हा केल्यास पट्टीचा लाभ झाला की नाही, हे शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील आकड्यांवरून पटवता येईल.

ओरत्तनाडु भागात नारळाविषयी मार्गदर्शनासाठी पट्टुकोट्टैनजीकचे, तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे वेप्पंकुळम येथील नारळ संशोधन केंद्र उपलब्ध आहे. ‘व्हीपीएम-३’ हा उंच वाण तेथीलच. मधमाशीपालनाचे प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेशी संपर्क साधावा.

सारांश

• वादळानंतरच्या नव्या नारळबागेत ऊन मुबलक असते, पण माडांचा बारमाही फुलोरा नसतो. आंतरपिकांच्या परागीभवनावर त्याचा परिणाम होऊ शकतो.
• हाताने परागीभवनाची चाचणी करून उणीव निश्चित करावी, मगच पट्टी लावावी.
• उंच वरंब्यावर, पूर्ण उन्हात, ५० सेंटिमीटर अंतराने दोन ओळी लावाव्यात. ओरत्तनाडु परिसरात जानेवारीचा उत्तरार्ध सुरक्षित.
• उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. काटक झाडालाही फुलण्यासाठी ओल लागते.
• पट्टीचे तीन भाग करून दर २५ दिवसांनी एक भाग कापावा. संपूर्ण पट्टी एकाच वेळी कधीही कापू नये.
• फुलांवर फवारणी करू नये. कुजणारे माडाचे ओंडके बागेत ठेवू नयेत.
• सावली वाढेल तशी मधली पट्टी काढून सीमेवरची वाढवावी.